सोलापुरात सायकलला बरे रस्ते कुठले? जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड, आणि रविवारसाठी पण सुचवा

चादरीचा_काठ

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं पुण्यात काढून गेल्या दिवाळीत परत सोलापूरला आले. घर जुळे सोलापुरात आणि काम अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनचं. अंतर सात-आठ किलोमीटर. एवढ्यासाठी रोज गाडी काढायची आणि तास तास जिममध्ये पण जायचं हे काय मनाला पटेना, म्हणून सायकल घेतली. सात गियरची साधी, पुढे बास्केट, डब्बा बसतो त्यात.

आता अडचण अशी आहे की मॅपला विचारलं की तो सरळ आसरा पूल, महावीर चौक, गुरुनानक चौक, अशोक चौक असा मोठ्या रस्त्यानंच नेतो. अंतर कमी आहे खरं पण जीव मुठीत धरून जावं लागतं. मागच्या मंगळवारी आसरा पुलाच्या चढाला माझा वेग कमी झाला, मागून ट्रक आला, हॉर्न पण नाही दिला, आणि त्याच्या ताडपत्रीची लोंबणारी दोरी माझ्या कोपराला घासून गेली. पडले नाही पण पूल उतरल्यावर बाजूला थांबले, हात थरथरत होते, पाणी प्यायले आणि पाच मिनिटं तशीच उभी राहिले. त्या दिवसापासून आई रोज सकाळी दारात येऊन उभी राहते, बोलत काही नाही पण मला कळतं की ओ.

सायकल सोडायची नाहीये मला. शहर एवढं मोठं आहे, सगळेच रस्ते असे नसणार. रोज जाण्यायेण्याला जरा शांत रस्ता, दोन किलोमीटर जास्त पडला तरी चालेल, आणि रविवारी सकाळी दोन तास निवांत फिरता येईल असं काही. लहानपणी फक्त शाळा आणि सिद्धेश्वर मंदिर एवढंच सोलापूर पाहिलं, बाकी काय माहिती नाही. कोण रोज चालवत असेल तर सांगा प्लीज.

पूर्वभागातला

अक्का, सगळ्यात आधी एक सांगतो, आसरा सोडा. मी अशोक चौकाजवळच राहतो, आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मागावरचं काम, आणि कामाच्या निमित्तानं मी रोज सायकलवर उलटा म्हणजे इकडून विजापूर रोडला जातो, त्यामुळं हा रस्ता पाठ आहे.

तुम्ही जुळे सोलापुरातून आतल्या रस्त्यानं विजापूर रोडला या. कंबर तलाव डाव्या-उजव्या कुठल्या का हाताला येईना, तो दिसला की समजा अर्धं टेन्शन गेलं. तिथून पत्रकार भवन, सात रस्ता, रंगभवन. रंगभवनवरून पार्क चौकात घुसू नका, होम मैदानाकडून सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला या. एका अंगाला किल्ला, एका अंगाला तलाव, सकाळी सातला तिथं फिरायला आलेली माणसं आणि फुलवाले, बाकी कोण नाही. पंचकट्ट्यावरून विजापूर वेस, मग कन्ना चौक, आणि कन्ना चौकातून अशोक चौकाला येताना मोठा रस्ता सोडून आतल्या पेठेतल्या गल्ल्या धरायच्या. दोन-तीन किलोमीटर जास्त पडेल पण ट्रक तुमच्या अंगावर येणार नाही कारण ट्रक तिथं शिरतच नाही.

गल्लीत मात्र वेगळी काळजी. मागाचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले लांब रूळ, हातगाडीवर आडवे नेतात, ते वळणावर अचानक पुढं येतात आणि ढकलणाऱ्याला तुम्ही दिसत नाही, म्हणून वळणाला घंटी मारा आणि गरज पडली तर सरळ उतरा. पोरं, कोंबड्या, रांगोळी, पाणी आलेल्या दिवशी पाइपा, हे सगळं आहे. पण तिथं कोणी तुम्हाला घाई करणार नाही.

वेळ महत्त्वाची. सकाळी आठच्या आत विजापूर वेस मोकळी असते, संध्याकाळी सहानंतर तिथं सायकल हातात धरून चालावं लागतं. रमजानच्या महिन्यात मीना बाजार भरतो तेव्हा तर रात्रीपर्यंत पाय ठेवायला जागा नसते, बघायला छान आहे, पण सायकलवर नको. म्हणजे जाताना हा रस्ता, येताना वेगळा, असं ठेवा. जायचा आणि यायचा रस्ता एकच पाहिजे असं कुठं लिहिलंय.

हवा_विरुद्ध

मी जरा वेगळं मत मांडतो. गल्लीबोळातून दर पन्नास मीटरला ब्रेक मारत जाण्यात सायकलचा आनंद नाही. रविवारसाठी केगाव–हत्तूर बायपास बघा, कडेची पट्टी रुंद आहे, डांबर गुळगुळीत. पहाटे साडेपाचला निघालात तर सात-साडेसातला घरी. नाहीतर तुळजापूर रोड. मी महिन्यातून एकदा तुळजापूर करतो, जाऊन-येऊन नव्वदच्या आसपास होतं, शेवटी घाट लागतो, दर्शन घेऊन परत.

रस्ते शोधायचे तर स्ट्राव्हा या सायकलवाल्यांच्या अ‍ॅपचा हीटमॅप उघडा, ज्या रस्त्यावर सायकलवाले जास्त जातात तो उजळ दिसतो. सोलापूरचा उघडला की मोठे रस्तेच उजळ दिसतात, त्याला कारण आहे.

दुसरं, वारं बघा. जून ते ऑगस्ट आपल्याकडं वारं पश्चिमेकडून असतं आणि माळावर अडवायला काहीच नाही. त्यामुळं पावसाळ्यात जाताना पश्चिमेला जा, देगाव-केगाव बाजूला, ताजेतवाने असता तेव्हा वारं छातीवर घ्या, येताना तेच ढकलतं. उलटं केलं तर शेवटचे दहा किलोमीटर रडवतात. हे नवीन माणसाला कुणीच सांगत नाही.

माळढोक_शोधतोय

@हवा_विरुद्ध, वाऱ्याचं शंभर टक्के बरोबर, मी दोन वर्षं चुकीच्या दिशेनं जात होतो. पण हीटमॅपचं पटलं नाही दादा. तो नकाशा ज्यांनी अ‍ॅप चालू केलंय त्यांचाच आहे. पहाटे हिप्परग्याहून दोन किटल्या लावून शहरात येणारा दूधवाला, पेपर टाकणारी पोरं, एमआयडीसीत शिफ्टला जाणारी माणसं, यांच्या सायकलला अ‍ॅप नसतं, आणि रोज चालवणारे तर तेच आहेत. त्यांना विचारा. मी तेच केलं. एका पेपरवाल्या पोराच्या मागं तीन दिवस गेलो (त्याला सांगून), रेल्वे लाइन्स या वस्तीतून जाणारे असे रस्ते कळले की मी जन्मापासून इथं राहून मला माहिती नव्हते, जुनी झाडं टिकून आहेत तिकडं, एप्रिलमध्ये पण साडेआठपर्यंत सावली.

आणि ताईंनी ट्रकच्या दोरीचं लिहिलंय, त्यांना बायपास काय सुचवता. तुमच्या पायात चाळीसचा वेग असेल, सगळ्यांच्या नसतो. शिवाय कारखाने सुरू झाले की ऊस. दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर अंधारात मागून दिसत नाही, कित्येकांना रिफ्लेक्टर नसतो, आणि ट्रॉलीतून बाहेर आलेला ऊस बरोबर सायकलवाल्याच्या तोंडाच्या उंचीला असतो. नोव्हेंबर ते मार्च उजाडल्याशिवाय हायवेला जाऊ नका, कोणीही.

ताई, रविवारसाठी माझं एकच म्हणणं, पाणी धरून फिरा. सोलापूर कोरडं म्हणतो आपण, पण मॅपवर सॅटेलाइट लावून बघा किती तलाव आहेत. सुरुवात कंबर तलावापासूनच करा, तुमच्या घराजवळच आहे, लागून रेवणसिद्धेश्वराचं मंदिर आणि पलीकडं वनविहार, तिथं मोर ओरडतात ते रस्त्यावर ऐकू येतं. मग हिप्परगा, म्हणजे एकरुख तलाव. १८७१ च्या सुमाराला अडिला नदीवर मातीचा बांध घालून पुरा केला इंग्रजांनी, दुष्काळी मुलखाला पाणी मिळावं म्हणून, आणि अजून उभा आहे. तुळजापूर नाक्यापासून फार लांब नाही पण पहिला तुकडा हायवेचा आहे तेवढा उजेडात करा. डिसेंबर-जानेवारीत तिथं बाहेरचे पक्षी उतरतात. गेल्या वर्षी मी काठावर सायकल आडवी टाकून अर्धा तास पालथा पडलो होतो, पट्टकदंब हंसांचा थवा होता, डोक्यावर दोन काळे पट्टे स्पष्ट दिसत होते, एक जण मान उचलून माझ्याकडं बघत राहिला आणि बाकीचे चरत होते, मी हललो की तो एक आवाज करायचा आणि सगळ्या माना वर. मोटरसायकलवर गेलो असतो तर थवा दोनशे मीटरवरूनच उडाला असता.

अजून दम वाढला की नान्नज. बार्शी रोडनं २०–२२ किलोमीटर, १९७९ चं माळढोक अभयारण्य. माळढोक दिसेल ही आशा ठेवून जाऊ नका, मी इतकी वर्षं जातोय अजून नाव सार्थ झालेलं नाही, पण काळवीट दिसतात, आणि गवत पिकलेलं असताना सकाळच्या उन्हात ते माळरान बघाच एकदा. मला त्या गवताचं फार आहे. लोक म्हणतात तिकडं काय, नुसतं रान. नुसतं रानच वाचवायला पाहिजे.

२४_इंची

मुलांनो, वाचत होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो. वय ६८, अजून रोज सायकल.

आमच्या लहानपणी सोलापूर म्हणजे सायकलींचंच गाव होतं. इथली पहिली कापड गिरणी १८७७ ची, आपण जुनी मिल म्हणतो ती, मग लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. वडील लक्ष्मी-विष्णूत होते. भोंगा झाला की गेटमधून सायकली बाहेर पडायच्या त्या बघायला आम्ही पोरं कोपऱ्यावर उभी राहायचो, रस्ता सगळा घंट्यांनी भरून जायचा, आणि त्या गर्दीत मी वडिलांना त्यांच्या घंटीवरून ओळखायचो, थोडी बसकी होती. तेव्हा 'सायकलला चांगला रस्ता कुठला' असं कोणी विचारत नव्हतं, सगळेच सायकलचे होते.

मुलीला एक रस्ता सांगतो जो तुमच्या कुठल्या अ‍ॅपमध्ये नाही. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात या गावाभोवती ६८ शिवलिंगं स्थापन केली. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला यण्णीमज्जनाच्या म्हणजे तैलाभिषेकाच्या दिवशी सातही नंदीध्वज, त्या उंच मानाच्या काठ्या, त्या ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालतात, हे तू लहानपणी बघितलं असशीलच, बाराबंदी घातलेली माणसं, 'बोला बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र'. श्रावणात लोक हीच प्रदक्षिणा चालत करतात. मी ती सायकलवर करतो.

एका दमात नाही. मला सगळी लिंगं सापडायला चार महिने लागले. काही मोठ्या देवळात आहेत, काही रस्त्याकडेच्या कोनाड्याएवढ्या देवळीत, काही वस्तीत अशी की घराच्या ओट्याला लागून. एक तर मी अकरा वेळा समोरून गेलो होतो आणि दिसलं नव्हतं, शेवटी एका आजीनं कपडे वाळत घालता घालता हातानंच दाखवलं, 'ते काय, पिंडीवर फूल आहे की'. नकाशावर बघायचं नाही, विचारत जायचं. विचारत गेलं की गाव बोलतं.

श्रद्धा असो नसो, सायकलवाल्याच्या दृष्टीनं पण हा मार्ग का चांगला ते सांगतो. एक तर तो पायी चालणाऱ्यांचा रस्ता आहे, आठशे-नऊशे वर्षांपूर्वी आखलेला, तेव्हा मोटर नव्हती. शहर वाढलं, मधून मोठे रस्ते कापून गेले, पण तो गावाच्या कडेकडेनं वळणं घेत जातो, जुन्या पेठा, विहिरी, देवळं जोडत. दुसरं, उंच नंदीध्वज तिथून न्यायचे असतात म्हणून जत्रेआधी त्या मार्गावरचे खड्डे बुजवतात, लोंबणाऱ्या वायरी वर घेतात. म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीला सगळ्यात बरी डांबरी तिथं मिळते. जत्रेच्या दिवसांत मात्र होम मैदान आणि मंदिराच्या बाजूला सायकल घेऊन जाऊ नको, तेव्हा चालतच जायचं.

तुझ्या रोजच्या रस्त्याबद्दल, पूर्वभागातल्या मुलानं सांगितलंय ते उत्तम आहे. फक्त सगळा रस्ता एकदम बदलू नको. एका आठवड्याला एक तुकडा बदलायचा. आधी रविवारी पहाटे रिकामा बघायचा, मग कामाच्या दिवशी कामाच्या वेळेला बघायचा. रविवारी गोड दिसणारी गल्ली सोमवारी शाळेच्या रिक्षांनी भरलेली असते.

हवा_विरुद्ध

काका, ६८ लिंगांचं मी कधी या नजरेनं बघितलंच नव्हतं, पुढच्या वेळी मला घेऊन चला. आणि माळढोकवाल्या दादांचं उसाबद्दल बरोबर आहे, मान्य. मी दोन दिवे लावून जातो म्हणून मला जाणवत नाही, नवीन माणसाला बायपास सुचवायला नको होता. ताई, तुम्ही आत्ता तरी मागं लाल लुकलुकणारा दिवा दिवसा पण चालू ठेवा, आणि डाव्या कडेला अगदी चिकटून नका चालवू, कडेला चिकटलं की ट्रकवाल्याला वाटतं जागा आहे. हातभर आत राहा म्हणजे त्याला ओव्हरटेकचा विचार करावा लागतो.

चादरीचा_काठ

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. तीन आठवड्यांनी लिहितेय कारण काकांचं ऐकून एकेक तुकडा बदलला.

पहिल्या आठवड्यात फक्त आसरा टाळला, विजापूर रोडनं सात रस्त्याला आले, पुढं नेहमीचाच. दुसऱ्या आठवड्यात होम मैदान आणि तलाव. तिसऱ्यात कन्ना चौकातल्या गल्ल्या, तिथं पहिल्या दिवशी चक्क चुकले, दोनदा त्याच दळपाच्या गिरणीसमोर आले, तर गिरणीतल्या मावशी बाहेर येऊन म्हणाल्या, 'कुठं जायलाव पोरी', आणि वळण सांगितलं. आता रोज हात करतात.

मला सगळ्यात काय आवडलं ते सांगते. मी दिवसभर कॉम्प्युटरवर काठ काढते, चौकोन भरत बसते, पुढं त्याचं काय होतं ते कारखान्यात मोठ्या मशीनवर दिसतं, पण तिथं आवाजात काही कळत नाही. इथं पावणेआठच्या सुमाराला एका घराचं दार उघडं असतं, आत दोनच माग, आणि मी तिथं रोज थोडी थांबते. आडवा धागा नेणारा धोटा डावीकडून सुटतो तेव्हाचा आवाज आणि परत येतानाचा आवाज वेगळा आहे, हे मला सहा वर्षं हे काम करून माहिती नव्हतं. चादरीच्या मोराचा पिसारा एकेक धाग्यानं वर चढताना बघितला. मागावरच्या आजोबांनी विचारलं काय बघतीस, मी म्हटलं मी पण हेच काम करते, तर त्यांनी नुसतं डोकं हलवलं आणि कापड माझ्या बाजूनं दिसावं म्हणून जरा बाजूला सरकले.

मॅपच्या रस्त्यानं पंचवीस मिनिटं लागायची, आता चाळीस लागतात. सव्वासातला निघते. येताना विजापूर वेशीत गर्दी असते म्हणून गुरुनानक चौकावरून सात रस्ता असा येते, तो तुकडा अजून मनासारखा नाही, सुचवा काही असेल तर. आई आता दारात उभी राहत नाही. परवा विचारत होती तलावापर्यंत ती पण येऊ का, तिला सायकल येते हे मला तिशीनंतर कळलं.

एकच तक्रार, पंक्चर. तीन आठवड्यांत चार. परवा नवी ट्यूब टाकली आणि दुसऱ्याच दिवशी परत बसली. दुकानदार म्हणतो ट्यूबच खराब होती. असं होतं का?

पूर्वभागातला

ट्यूब खराब नाही अक्का, काटा आत राहिलाय. सराटा असणार, नाहीतर वेड्या बाभळीचा. तलावाच्या कडेनं आणि मोकळ्या प्लॉटवरून आलात की लागतोच. टोक टायरमध्ये मोडून बसतं, बाहेरून दिसत नाही, नवी ट्यूब टाकली की परत टोचतं. टायर पूर्ण काढा, आतल्या बाजूनं जुन्या सुती कापडाचा बोळा सगळीकडं फिरवा, जिथं कापड अडकेल तिथं काटा आहे, चिमट्यानं बाहेरून ओढा. नुसतं बोट फिरवू नका, बोटात जातो. आणि पावसाळ्यात कच्च्या रस्त्यात अजिबात शिरू नका, आपली काळी माती चाक आणि मडगार्डच्या मधे अशी भरते की चाक फिरतच नाही, सायकल खांद्यावर घेऊन यावं लागतं.

येतानाच्या रस्त्याचं, अशोक चौकातून एकदा माझ्यासोबत या, आत एक तुकडा आहे, लिहून सांगता येत नाही, चार वळणं आहेत. शनिवारी साडेपाचला सुटता ना?

२४_इंची

शनिवारी मी पण येतो. आणि रविवारी सकाळी सहाला पंचकट्ट्यावर, जो येईल तो. पहिल्या दिवशी दहा-बारा लिंगं करू, सगळी नको. मुली, आईला घेऊन ये. तिच्या सायकलची सीट आधी तपासून घे, बऱ्याच वर्षांनी बसणाऱ्याला उंच सीट नको, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत.